वीतभर भरतीचं गाव

बाइंता म्हणाली, तपासणीही आतच घालू या.
मी म्हणालो, कशाला?
घर बांधून झाल्यावर गवंडी
ओळंबा काय घरमालकाला देऊन जातो?
तिनं उत्तर दिलं नाही.
खिडकीवर वारा पाऊस आडवा फेकत होता.
तोर्शाव्हनला पाऊस वरून फारसा येत नाही.

आमची लायब्ररी छोटी. तारीख द्या, बंदर द्या,
भरती-ओहोटीच्या वेळा घ्या. फुकट.
कोणीही न्यावी, उसवावी, पुन्हा शिवावी,
अट एवढीच, की नावं खोडू नका.
अकरा वर्षं आम्ही दोघांनी ती पोसली:
मी बंदराच्या कचेरीत, रात्रपाळीच्या विजेवर,
ती शाळेत शिकवून आल्यावर,
बुटांचा चिखल न काढता.

तपासणीची मोठी अवजारं होतीच की.
पण एक बोलावलं की मागून
त्याची चाळीस माणसं उतरतात,
त्यांना आणखी कोणीतरी सोबत हवं असतं.
वऱ्हाड परवडलं.
बाइंतानं वेगळंच लिहिलं: एकसष्ट ओळी.
अपेक्षित काय, आलं काय,
जुळलं तर टिंब.
नाही जुळलं तर ती ओळ, तो आकडा, आणि गप्प.
मी विचारलं, निदान लाल रंग तरी?
म्हणाली, जुन्या पडद्यांना लाल कळत नाही.

"आपण तपासलंय ना? मग झालं."
हे मी तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा
ती मला धक्क्यावर घेऊन गेली.
खांबावरची शेवाळाची रेघ दाखवली.
आत्ता भरती आहे की ओहोटी, सांग.
मला सांगता येईना.
आमच्या बंदरात पाणी वीतभर चढतं, वीतभर उतरतं,
कधी तेवढंही नाही.
बाहेर बेटांच्या फटींतून प्रवाह बोटी फिरवून टाकतो
आणि इथं समुद्र
बशीत ओतलेल्या चहासारखा.

"बोगी, आपण ज्याच्या वेळा वाटतो
ते आपल्या दारात येतच नाही.
आपलं तपासणं म्हणजे
पातेल्यावर झाकण ठेवून
शितावरून भात सांगणं.
शीत ज्याच्या बोटांत आहे
त्याच्यापर्यंत जाऊ दे."

एकसष्ट ओळी मी आत घेतल्या. कुरकुरत.
दोन किलोबाइट. एका फोटोचा कोपराही नाही.

सात महिने कुठूनच काही नाही.
मग चिलोए बेटावरून पत्र.
रोसामेल कार्कामो, शिंपल्यांची शेती,
तराफ्यावर तेरा वर्षांचा लॅपटॉप,
इंटरनेट गावात, गाव बोटीनं दीड तासावर.
आपल्या वहीतल्या वेळा, पेन्सिलीच्या,
तिनं त्या एकसष्ट ओळींपुढे मांडल्या होत्या.
टिंब. टिंब. टिंब. टिंब.
आणि एक ओळ अडलेली.

"तुमचा दिवस रोज दोन भरत्या मागतो," तिनं लिहिलं होतं.
"पंधरवड्यात एखादा दिवस असा असतो
ज्याच्या वाट्याला एकच येते.
दुसरी मध्यरात्र ओलांडून जाते.
त्या दिवशी तुम्ही
आदल्या दिवसाचीच पुन्हा वाढता."

शिळी भरती.
अकरा वर्षं, दर पंधरवड्याला,
आम्ही जगाला शिळी भरती वाढत होतो
आणि एकही ताट परत आलं नव्हतं.
मी त्याला कौतुक समजत होतो.

दुरुस्ती चार ओळींची निघाली.
रोसामेलची वही आता तपासणीत आहे,
तिच्या पुसट सातासकट,
जो मला आधी एक वाटला होता.
बाइंता काही बोलली नाही.
तिनं फक्त नावांच्या यादीत
एक नाव वाढवलं, माझ्या वर.

काल रात्रपाळीआधी धक्क्यावर गेलो,
शेवाळाच्या रेघेशी खडूनं खूण केली.
सकाळी पाहिलं तर खूण गेलेली.
पावसानं पुसली होती.
पाणी तिथवर आलंच नव्हतं.